व्हर्नाचा आकडा

व्हर्ना केटरर माझी जुनी विद्यार्थिनी. आठवीत गणितात तिला कधी पन्नासच्या वर गुण मिळाले नाहीत. तास चालू असताना ती खिडकीतून शिक्षकांच्या गाड्या बघत बसायची. पुढे सव्वीस वर्षं तिने लोगन्सपोर्टच्या एका भंगार आवारात सुटे भाग विकले. आमच्या भागात कुणाला साठ-सत्तरच्या दशकातली दांडग्या इंजिनाची गाडी घ्यायची असली की तो आधी तिला सोबत नेतो.

तिचा एक नियम आहे. मालक किती मागतोय, हे तिला आधी सांगायचं नाही.

"मागणी ऐकली ना सर, की डोळे फितूर होतात," ती म्हणते. "पन्नास हजार ऐकले की गंजसुद्धा देखणा दिसतो."

गेल्या सप्टेंबरात मी तिला डेल्बर्ट हॉकच्या अंगणात नेलं. त्याची अडुसष्ट सालची हिरवी पॉन्टियाक जीटीओ विकायची होती. तो एकेचाळीस हजार डॉलर मागत होता, आणि मी मनातल्या मनात चाळीसला हो म्हणून बसलो होतो. माझी जवळपास सगळी शिल्लक तेवढीच होती.

व्हर्नाने दारांच्या खालच्या कडांवरून चुंबक फिरवला; गंजलेल्या भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली असेल तिथे तो चिकटत नाही. डिकीतली चटई उचलून पाहिली. मग काचेतून आतल्या पट्टीवरचा कारखान्याचा नंबर वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. चिठ्ठीवर आकडा लिहून तिने विचारलं, "किती मागता, मिस्टर हॉक?"

"एकेचाळीस."

तिने चिठ्ठी पुढे केली. एकोणीस.

डेल्बर्ट लाल झाला. "बाई, पुढचा जीटीओचा बिल्ला दिसला नाही का तुला?"

"दिसला. पण जीटीओचा नंबर दोनशे बेचाळीसने सुरू होतो, हिचा दोनशे सदतीसने. ही त्याच कंपनीची लहान इंजिनाची साधी लेमान्स आहे. पत्रा मात्र सुरेख राखलात, कुठे लांबी भरलेली नाही. म्हणून एकोणीस, नाहीतर पंधरा लिहिले असते."

आता हा आम्हाला हाकलणार, असं मला वाटलं. तेवढ्यात त्याची बायको अर्लीन कॉफी घेऊन ओसरीवर आली.

"सांगून टाक की रे! माझ्या वडिलांवर छाप पाडायला लावलास ना तो बिल्ला? ते शेवटपर्यंत विचारत होते, जावयाची गाडी चढावर एवढी धापा का टाकते म्हणून."

"अगं, एक्कावन्न वर्षं झाली," डेल्बर्ट पुटपुटला. "मलाच खरं वाटायला लागलं होतं."

"आणि या मास्तरांना गंडवणार होतास?"

"ते तर हो म्हणायच्या बेतात होते!"

मी कॉफीचा कप उचलला.

"एकवीस," डेल्बर्ट म्हणाला. "टायर नवे आहेत."

"टायर धरूनच एकोणीस," व्हर्ना म्हणाली.

अर्लीन हसली तसा तोही हसला, आणि सौदा एकोणीसलाच झाला. मग अर्धा तास तो मला गाडीच्या खोडी समजावत राहिला: थंडीत चोक किती ओढायचा, दुसरा गिअर कधी अडतो. मी इंजिन सुरू केलं तरी त्याचा हात खिडकीवरून निघेना.

"रविवारी आणा इकडे," तो म्हणाला. "मी धुवून देईन."

"आपला पिकअप सहा महिने चिखलात माखलाय," अर्लीन ओरडली, "आणि हा लोकांच्या गाड्या धुणार!"