शपथ न घेणारीचा पेपर

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी चोपडा तालुक्यातल्या एका लहान कॉलेजात इतिहास शिकवायचो. खरं सांगायचं तर तिथून निघण्याची वाट बघायचो. घर धुळ्याला, नोकरी तात्पुरती. शनिवारी दुपारची एसटी धरायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत यायचं. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची दाराजवळ होती आणि माझी पिशवी कधी पूर्ण रिकामी व्हायची नाही. बसलो की पाय हलायचा. इतर लोक वर्गाचं वेळापत्रक पाठ करायचे, मी एसटीचं.

त्या कॉलेजात वार्षिक परीक्षेला विद्यार्थ्यांपेक्षा त्यांचे नातेवाईक जास्त यायचे. कोणी कडुनिंबावर, कोणी खिडकीखाली सायकलच्या कॅरिअरवर उभं. एकदा एका मामाने फेकलेली चिठ्ठी माझ्या पायाशी पडली. मामा पळाला नाही. खिडकीतून अदबीने म्हणाला, "सर, तेवढी तिसऱ्या बाकावर द्या ना. भूगोलनी शे." मी इतिहासाचा पेपर चालू आहे असं सांगितल्यावर तो चुकचुकला आणि दुसऱ्या खिडकीकडे गेला.

यात कोणाला पाप वाटत नसे. केळीचे घड कापायला शेजारी येतो, लग्नात पंगत वाढायला शेजारी येतो, मग पेपरात त्याने पाठ फिरवावी असं काय घडलं? कॉपी करणाऱ्याला कोणी वाईट म्हणत नव्हतं. वाईट म्हणजे शेजाऱ्यापासून पेपर झाकणारा. आणि सर्वांत वाईट, सरांना सांगणारा. म्हणजे सन्मानाचे नियम तिथे आधीपासून होते आणि ते कडक होते. फक्त ते आमचे नव्हते.

अशा ठिकाणी नवे प्राचार्य आले. ते नुकतेच परदेशातलं एक विद्यापीठ बघून आले होते आणि बोलताना 'तिकडे' हा शब्द असा उच्चारायचे की ऐकणाऱ्याला उगाच सरळ बसावंसं वाटे. "तिकडे परीक्षेच्या खोलीत शिक्षक नसतो," त्यांनी सभेत सांगितलं. "विद्यार्थ्याने शपथ घेतलेली असते. तेवढं पुरतं." दिवाळीआधीची सहामाही परीक्षा आपण अशीच घ्यायची, तिला 'सन्मान-परीक्षा' म्हणायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी सांगितलं आणि आम्ही चहा प्यायलो.

अर्थशास्त्राच्या वयस्कर सरांना सगळे नाना म्हणत. ते बशीत चहा ओतत म्हणाले, "साहेब, आपण खोलीत असताना हे हाल शेत. नसताना पेपर घरीच द्या की. तेवढे बाक तरी झिजणार नाहीत."

"नाना, विश्वास टाकला की माणूस बदलतो."

"बदलस ना. पण कोन्या बाजूले, ते सांगता येस नही."

मी हसलो, पण मनातून मला उत्सुकता होती. शब्द दिल्यामुळे माणूस थांबतो का, हा प्रश्न मला इतिहासातही कधी सुटला नव्हता. तह शिकवताना तर मी दरवर्षी त्यापाशी अडायचो.

शपथविधी थाटात झाला. लग्नात मांडव घालणाऱ्याने कर्णे बांधले, आणि आधी चुकून सनई लावली. संस्थेच्या अध्यक्षांनी नारळ फोडला, प्रामाणिकपणावर बराच वेळ बोलले आणि जळगावहून आलेल्या फोटोवाल्याकडे बघून थांबले. मग सगळ्यांनी हात पुढे केले. "मी कॉपी करणार नाही. कोणाला करू देणार नाही. आणि कोणी करताना दिसल्यास प्राचार्यांना कळवीन." पहिल्या दोन वाक्यांना कडुनिंबावरचे पक्षी उडाले. तिसऱ्याला आवाज एकदम खाली बसला. त्यानंतर एकेकाने छापील कागदावर सही केली.

एका मुलीने केली नाही.

ती दुसऱ्या वर्षाला होती. तापीकाठच्या एका केळीच्या गावातून सकाळच्या एसटीने यायची. वर्गात बोलायची कमी, पण मी सन चुकलो की मान वर करायची. तिच्या घरची स्थिती सगळ्या कॉलेजला माहीत होती, कारण तिच्या मैत्रिणींनी ती सगळ्यांना सांगितली होती: शिकायची परवानगी आहे, पण एक वर्ष जरी वाया गेलं तरी उन्हाळ्यात लग्न. मुलगाही बघून ठेवला होता. आणि सहामाही दिल्याशिवाय टर्म मिळत नव्हती; टर्म नाही तर वार्षिक परीक्षेला बसता येत नव्हतं. त्या सहीवर तिचं एवढं अडलं होतं.

सह्या गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. मी विचारलं, "कॉपी करायची आहे का?"

"नाही सर."

"मग?"

"आमच्या घरात कोणी शपथ घेत नाही."

तिच्या पणजोबांनी बांधाच्या भांडणात देवळात उभं राहून शपथ घेतली होती. बांध मिळाला. त्याच वर्षी त्यांचा कर्ता मुलगा गेला. शपथ खरी होती की खोटी, ते घरात कोणालाच माहीत नाही. पण तेव्हापासून त्या घरात हो म्हणतात किंवा नाही म्हणतात, त्याच्यापुढे काही नाही. कोर्टात साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा तिच्या काकांनी साक्षच दिली नव्हती.

मी घड्याळाकडे बघत म्हणालो, "अगं, ही नुसती शपथ आहे. कागदावरची."

"नुसतीच असेल सर, तर तिने कॉपी कशी थांबेल?"

मी तिला प्राचार्यांकडे नेलं.

प्राचार्यांनी तिला परदेशातला एक प्रसंग सांगितला. तिने तो शांतपणे ऐकला आणि म्हणाली, "सर, माझ्यावर पहारा ठेवा ना. मला चालेल." प्राचार्य दुखावले. विश्वास दिला असताना पहारा मागणारं माणूस त्यांच्या योजनेत कुठे बसत नव्हतं. शेवटी त्यांनी ठरवलं की तिने ग्रंथालयात एकटीने पेपर द्यावा, समोर एक शिक्षक बसेल. टर्मचं नंतर बघू. समोर बसायला माझी नेमणूक झाली. मला वाटतं, खुर्ची दाराजवळ असल्यामुळे.

ग्रंथालयाच्या खिडकीतून चौक आणि त्यापलीकडे परीक्षेचा हॉल दिसायचा. पहिल्या दिवशी तिथे शिक्षक नव्हते आणि आवाजही नव्हता. मी चार वेळा उठून बघितलं. सगळी डोकी खाली. नातेवाईकही आले नव्हते. बहुतेक पहारा नाही म्हटल्यावर त्यांना येण्यात राम वाटला नसावा. प्राचार्य व्हरांड्यात हात मागे बांधून फिरत होते, आणि माझ्या खिडकीशी आल्यावर फक्त हसले. मला थोडं वाईटच वाटलं. संशयी माणसाला चांगली बातमी लवकर पचत नाही.

मुलगी लिहीत होती. मी पाय हलवत होतो. एकदा तिने वर बघून सांगितलं, "सर, टेबल हलतंय." त्यानंतर मी उभाच राहिलो.

दुसऱ्या दिवशी पेपर सुरू होण्याआधी मुलं कडुनिंबाखाली जमलेली मला दिसली. गोल करून उभी, मधे हातांवर हात. पाच मिनिटांत पांगली. मला वाटलं, प्रार्थना असेल. त्या दिवशी हॉलमधून सुरुवातीला कुजबुज आली, मग बोलणं, आणि शेवटच्या अर्ध्या तासात कोणीतरी मोठ्याने उत्तर सांगत होतं आणि दुसरं कोणीतरी "हळू सांग, लिहू तर दे" म्हणत होतं.

त्या गोलात काय झालं ते मला पुष्कळ वर्षांनी धुळ्याच्या बसस्टँडवर कळलं. त्या वर्गातला एक मुलगा भेटला. आता कापसाचा व्यापारी, पोट सुटलेलं. तो हसत म्हणाला, "सर, पहिल्या दिवशी आम्ही घाबरलो होतो. कॉपीला नाही हो. कोण जाऊन सांगेल याला. शपथेत ते कलम होतं ना. मग दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी कानबाईची आण घेतली, की कोणी कोणाचं सांगायचं नाही." कानबाई म्हणजे श्रावणात आमच्याकडे घरोघर बसते ती देवी. तिची आण हसण्यावारी नेत नाहीत. "ती आण एकानेही मोडली नाही, सर. आजपर्यंत."

तेव्हा शपथेने माणूस थांबतो का, या माझ्या प्रश्नाचं उत्तर हो असंच द्यावं लागेल. थांबतो. फक्त कोणत्या शपथेने, ते व्यासपीठावरून ठरत नाही.

पेपर तपासताना एका लढाईत एकच सेनापती दोनदा मेला होता, आणि तो सगळ्या पेपरांत दोनदा मेला होता. एक ग्रंथालयातला पेपर सोडून. मी ते प्राचार्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. अध्यक्षांचा हात पुढे केलेला फोटो तोवर छापून आला होता. "कॉपीच्या तक्रारी किती आल्या?" त्यांनी विचारलं. एकही नव्हती. "मग प्रयोग यशस्वी झाला," ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. तक्रार खरंच आली नव्हती.

पण ती एक सही राहिली होती. त्यांनी मुलीच्या वडिलांना बोलावलं.

वडील शनिवारी आले, नेमके माझ्या एसटीच्या वेळेला. डोक्यावर टोपी, शर्टाच्या बाहीवर केळीच्या चिकाचे काळे डाग. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मुलगी त्यांच्या मागे उभी.

"साहेब, एक सांगा," ते म्हणाले. "मनी पोरले येगळी काब्र बसाडी? बठ्ठा गाव म्हनी ऱ्हायना, पोर चोरी करतांना सापडनी."

वेगळं बसवण्याचा गाव असा अर्थ लावेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सगळी मुलं हॉलमध्ये मोकळी आणि एक मुलगी मास्तराच्या पहाऱ्यात; एसटीतून घरी गेलेल्या बातमीने दुसरा काय अर्थ काढावा? ज्या घरी मुलगा बघून ठेवला होता तिथेही ही बातमी पोचली होती.

प्राचार्य म्हणाले, "तसं काही नाही हो, आबा. तिने या कागदावर सही केली की सगळं मिटेल. मागची तारीख टाकू. टर्म देऊन टाकतो."

आबांनी कागदावर काय आहे ते वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं: मी ही परीक्षा शपथपूर्वक दिली आहे, वगैरे.

"म्हंजे आते खोटं लिवानं?" आबा म्हणाले. "खरेपनाना कागदवर?"

मुलीने पेन घेतलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी खिडकीबाहेर बघत होतो. स्टँडच्या बाजूने गाडी लागल्याची घंटी ऐकू आली असं मला वाटलं. त्या चिडीतच मी बोललो. धैर्यबिर्य काही नव्हतं. "सर, विद्यापीठाच्या नियमात सहामाहीला पर्यवेक्षक लागतो. तो फक्त हिच्याच पेपरला होता. उद्या कोणी विचारलं तर टर्म हिलाच मिळेल, बाकीच्यांचं बघावं लागेल."

प्राचार्यांनी तो कागद घडी करून खणात ठेवला.

त्या संध्याकाळी मुलीची टर्म मंजूर झाली. आणि पुढच्या आठवड्यात बाकीच्या शिक्षकांनी, आपण हॉलमध्ये पूर्णवेळ हजर होतो अशा सह्या केल्या. नाना सही करून म्हणाले, "चला, शपथ नव्हती ते बरं." माझी एसटी त्या शनिवारी चुकली ती चुकलीच.

आबा जाताना व्हरांड्यात थांबले. "सर, टर्मनं व्हयनं. गावनं काय?"

मी म्हणालो, मी पत्र लिहून देतो.

"कागद नको. आन-शपथ आम्ही लेतस नही." थोडा विचार करून ते म्हणाले, "तुम्ही दिवाळीनंतर जेवाले या. दुपारना. उजेडमा."

मी गेलो. घराच्या ओट्यावर, रस्त्याला तोंड करून माझं पान मांडलं होतं. केळीच्या पानावर वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. आत जागा होती, सावली होती, पण पान बाहेरच. रस्त्याने माणसं जात होती. प्रत्येक जण थांबे. "आबा, हाऊ कोन?" आणि आबा तेच उत्तर देत: "पोरना मास्तर. तिना पेपरले हाऊच समोर बसेल व्हता." चोर पकडणारा मास्तर चोराच्या घरी जेवत नाही, एवढं गावाला कळत होतं. पुढचं आबांनी कोणाला समजावलं नाही.

मी माझ्या सवयीने भराभर जेवत होतो. परतीची गाडी दोनला होती. मुलगी भाकरी वाढायला आली आणि हळूच म्हणाली, "सर, सावकाश जेवा. अजून बाजारातून लोक यायचे आहेत."

मी पाय हलवायचा थांबवला आणि आणखी एक भाकरी घेतली. दोनची गाडी धूळ उडवत समोरून गेली. खिडकीतल्या लोकांनी माना वळवून ओट्याकडे बघितलं. मी त्यांना नीट दिसावं म्हणून जरा पुढे सरकून बसलो.