पावलं ओळखणारी

माणूस दिसायच्या आधी शीलाला त्याची पावलं कळायची. मशीनवर मान खाली घालून ब्लाउज शिवत असायची, आणि गल्लीच्या तोंडाशी चप्पल वाजली की सांगायची, "उकंडाभाऊ येऊन राह्यले. आज गुडघा दुखते त्याहीचा." बायका हसायच्या. ही विद्या ती कुठं शिकली, हे मात्र कुणी विचारलं नाही.

शिकली बापाच्या घरी, सातव्या वर्षी. बाप बळीराम जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना त्याचाच आवाज सगळ्यांच्या वर. दारूपासून दूर राहीन हे पाचवं शील तो असं ठणकावून म्हणायचा की नवख्या माणसानं त्याच्या पाया पडावं. आणि दिवस कलला की मोहाची दारू. मग आई कौसल्या पोरीला पायरीवर बसवायची. "कान दे वं. कसा येऊन राह्यला ते सांग."

गाणं म्हणत आला तर बरं, जेवून झोपेल. चप्पल फरफटत आली तर स्टोव्ह आणि भांडी शेजारी नेऊन ठेवायची, दाराला कडी घालायची. आणि अजिबात आवाज न करता आला, तर मायलेकी मागच्या दारानं तुरीच्या वावरात. एकदा शीलाचा अंदाज चुकला. आईच्या कपाळावरची खोक त्या दिवसाची. आईनं एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर पोरीला रडता तरी आलं असतं.

बळीराम गेला तेव्हा लोक म्हणाले, सुटल्या बिचाऱ्या. लोकांचं काय जाते म्हणायला. पायरीवर बसवलेल्या पोरीला कुणी येऊन सांगितलं नव्हतं की बाई, उठ आता, तुझी राखण संपली.

घाटंजीकडच्या संघदीपशी लग्न केलं ते तीन गावांत चौकशी करून. जमीन नाही, दुसऱ्याच्या वावरात फवारणी करतो, पण थेंबाला शिवत नाही. सगळं खरं निघालं. तरी बारा वर्षं शीला त्याला दारातच पाण्याचा तांब्या द्यायची आणि हळूच तोंडाचा वास घ्यायची. संघदीपला ते केव्हाच कळलं होतं. तो जबडा उघडून उभा राहायचा. "घ्या ठाणेदारीणबाई, तपासा. एक चहा, तंबाखूचा अर्धा खर्रा. चालान फाडता का?"

ती हसायची, पण चार वाजले की छाती धडधडायला लागायची. बोटं गार पडायची, सुईत दोरा जाईना. रात्री कडी तीनदा पाहायची. आर्णीच्या डॉक्टरनं छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. पट्टी चांगली निघाली. "टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. जसं काही ती ते बाजारातून पिशवीत भरून आणत होती.

त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि अळी हटायचं नाव घेत नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गावात पत्ते आणि दारू. कुणी कामाला जात नाही. वावराचे मालक सदाशिवराव, त्यांना मजूर मिळेना. संघदीप म्हणाला, "मी पेत नाही, मले कायची कर?" आणि पाठीवर पंप घेऊन गेला. हातमोजे नाही, तोंडाला रुमाल. त्या उंच पऱ्हाटीत फवारा वरून अंगावरच पडतो, हे सांगायला सगळ्यांना सुचलं, पण नंतर.

चार वाजता शीलाचा पाय मशीनवर थांबला. गल्लीत चप्पल फरफटत होती. एकच चप्पल. दुसरा पाय अनवाणी, भिंतीला घासत येणारा. तिला बघायची गरजच नव्हती. ती उठली, स्टोव्ह कोपऱ्यात ढकलला आणि कडी घातली. हात आपोआप चालले, सात वर्षांच्या पोरीचे.

"शीला," बाहेरून जड जिभेनं आवाज आला. "दार उघड. मले दिसून नाही राह्यलं."

"दिसन कसं?" ती आतून म्हणाली. "माह्या बापालेही नव्हतं दिसत."

"शीला, पानी दे."

"जिथं पेले, तिथंच मागा."

मग तो पायरीवर बसल्याचा आवाज. मग ओकारी. तिनं कान दाबून धरले.

शेजारची नंदाबाई धावत आली. दारावर तिचा हात आपटला. "अवं शीले, आत काय करून राह्यली? याच्या अंगाले औषधाचा वास हाये, दारूचा नाही."

कडी काढताना शीलाची बोटं दोनदा निसटली. संघदीपचा शर्ट ओलाचिंब, तोंडाला फेस, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. बारा वर्षं रोज वास घेणारी बाई त्या एका दिवशी जवळ गेली नव्हती. दोघींनी शर्ट फाडून काढला, साबणानं अंग धुतलं, ऑटोत घालून घाटंजी आणि तिथून यवतमाळ गाठलं. दार किती वेळ बंद होतं? नंदाबाई म्हणते दहा मिनिटं. शीला म्हणते अर्धा तास. घड्याळ कुणीच पाहिलं नव्हतं.

वॉर्डात असेच फवारणीचे लोक खाटाखाटांवर. आठव्या दिवशी संघदीपला डॉक्टरनं समोर धरलेली बोटं दिसली, मोजता आली. तोवर नंदाबाईनं गावभर केलं होतं, शीलानं नवरा वाचवला म्हणून. जो भेटायला यायचा तो शीलाला शाबासकी द्यायचा आणि शीला तांब्या घेऊन पाण्याला निघून जायची.

वॉर्डात फिरणाऱ्या समुपदेशक बाईंनी तिला चार वाजता दाराकडे कान लावून बसलेलं पाहिलं आणि विचारलं, "हे कधीपासून?"

"पायरीपासून," शीला म्हणाली. मग सगळं सांगितलं, कडीसकट.

बाई उपदेश करायला बसल्या नाहीत. म्हणाल्या, पिणाऱ्याच्या घरी मूल राखणीला बसते. पिणारा जातो, पण अंग राखण सोडत नाही. हा आजार आहे, यावर उपचार आहेत, मंगळवारी या. "पण ते नवऱ्याला तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

सुट्टी व्हायच्या सकाळी शीलानं संत्रं सोलता सोलता सांगितलं. "तुमी आले, तवा मी दार लावलं होतं. मले वाटलं पेऊन आले."

संघदीप फोड हातात घेऊन बसला. "ठाव हाये. मी पायरीवरच होतो ना."

"मंग बोलले काहून नाही?"

"मीच बोललो असतो तर तू सोताहून सांगतलं नसतं. राग आला होता. अजून हाये थोडा. बारा वर्षं तोंड उघडून दाखवलं, ते कायले?"

तिनं दुसरी फोड पुढं केली. त्यानं ती घेतली.

घरी आल्यावर तिनं मशीनच्या पेचकसानं कडीच काढली. संघदीपनं संध्याकाळी परत ठोकली. "रातच्याले तरी राहू दे, कुत्रे घुसतात." दिवसा लावायची नाही, एवढं ठरलं. मंगळवारी ती यवतमाळची बस धरते. गोळी घेते, बाईंशी बोलते. धडधड गेली का? नाही. चार वाजले की येते.

परवा पाय मशीनवर थांबला. गल्लीत चप्पल फरफटत होती. संघदीपच्या पायात अजून पूर्ण जोर नाही. बोटं गार पडली. ती उठली, कडीशेजारून गेली आणि बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली, तो जवळ येईपर्यंत. मग पार त्याच्या तोंडाशी नाक नेलं.

"चहा," तो म्हणाला. "खर्रा सोडला."

"बोलू नका," शीला म्हणाली. "पाहू द्या."