मुटकुळ्याचं पथ्य

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, लॉन्ड्रीच्या शेजारी, पथ्याचं स्वयंपाकघर होतं. बिनमिठाचं, बिनतिखटाचं, मऊ, पातळ, म्हणजे माणसाला जे जे नको असतं ते सगळं तिथे शिजायचं. ते शिजवणाऱ्या बाईंना वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे 'पथ्यताई' म्हणायचे. सव्वीस वर्षांत त्यांनी पुष्कळांची बोलणी खाल्ली होती आणि पुष्कळांना बरं होऊन स्वतःच्या पायांनी फाटकाबाहेर जाताना खिडकीतून पाहिलं होतं. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून कुणी विचारलं तर म्हणायच्या, "राहून गेलं. गॅसवर काहीतरी होतं."

त्यांचा धाकटा भाऊ जहाजावर इंजिनाच्या कामाला होता. बायको गेल्यापासून दीड वर्ष तो मुलीपाशी घरीच राहिला, पण आता बोलावणं आलं होतं. बारा वर्षांच्या मुलीला सहा महिन्यांसाठी बहिणीकडे सोडायला तो आला, तेव्हा दोन बॅगांखेरीज एक काचेची पेटी त्याने दोन्ही हातांनी सांभाळून आत आणली.

"यात काय आहे?" पथ्यताईंनी विचारलं.

"साप आहे, ताई. म्हणजे अजगराच्या जातीतला. बॉल पायथन म्हणतात. पण पिल्लू आहे गं, चावत नाही."

दुसरी एखादी बाई किंचाळली असती. पथ्यताईंच्या तोंडून बाहेर पडला तो सव्वीस वर्षांच्या सवयीचा प्रश्न, "खातो काय?"

भावाने पायांकडे बघत सांगितलं, "उंदीर. बर्फातले. तुझ्या फ्रीजमध्ये एक डबा..."

उंदीर फ्रीजमध्ये गेले, पण तीन पिशव्यांमध्ये गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत 'हात लावू नये' असं लिहून. घरात लावणारं दुसरं कुणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

साप हातभर लांब, काळ्यावर सोनेरी ठिपक्यांचा. जरा खुट्ट झालं की तो डोकं आत घालून अंगाची गोळी करायचा, म्हणून भाचीने त्याचं नाव मुटकुळं ठेवलं होतं. भाचीचंही तसंच होतं म्हणा. आई गेल्यापासून पोरगी अबोल झाली होती. जेवताना "हो", "नको" आणि "पुरे", एवढ्या तीन शब्दांत तिचं भागायचं. मुटकुळ्याविषयी मात्र तिच्या वहीत सगळं लिहिलेलं होतं. पेटीची एक बाजू ऊबदार, एक थंड. पाण्याचं भांडं रोज स्वच्छ. आठवड्याला एक उंदीर, आणि जेवल्यावर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही.

तिसऱ्या आठवड्यात भाचीला सर्दी झाली होती, म्हणून उंदीर डब्यातून काढून कोमट पाण्यात ठेवायचं काम पथ्यताईंकडे आलं. मुटकुळ्याने चिमट्यातला उंदीर झटक्यात पकडला, वेटोळं घातलं आणि गिळला. "शहाणं गं माझं ते," पथ्यताई म्हणाल्या आणि लगेच इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

दोन दिवसांनी शाळेतून आल्या आल्या भाचीने हाक मारली. ती हाक नव्हतीच, किंकाळी होती. पेटीत कोपऱ्यात अर्धामुर्धा पचलेला उंदीर पडला होता आणि त्याच्या वासाने खोली भरून गेली होती. मुटकुळं दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या भांड्यामागे, गोळी होऊन पडलं होतं.

"ते मरणार," भाची म्हणाली.

"कुणी मरत नाही. टोपली आण," पथ्यताई म्हणाल्या आणि स्वतः टॉवेल आणायला धावल्या.

जनावरांचे डॉक्टर चार गल्ल्या सोडून बसायचे. बाकावर एका बाजूला पट्टी बांधलेला कुत्रा, दुसऱ्या बाजूला पिंजऱ्यातला पोपट, आणि मधे मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली टोपली घेऊन या दोघी. टोपलीत काय आहे ते कळल्यावर पोपटवाल्या आजोबांनी बाक बदलला.

थोड्या वेळाने भाचीने खाली मान घालून पुटपुटत सांगितलं, "आत्या, माझ्यामुळे झालं. तू कामावर गेलीस तेव्हा मी त्याला मांडीवर घेतलं होतं. जेवल्याच्या दुसऱ्याच दिवशी. बाबांचा फोन लागत नव्हता."

पथ्यताईंनी टोपलीवरचा टॉवेल सारखा केला. मग त्या म्हणाल्या, "आता माझं ऐक. तू काढायला सांगितलेला उंदीर मला एवढासा वाटला. मी डब्यातला सगळ्यात मोठा काढला. आणि पेटी पुसताना खालच्या गरम पट्टीचं बटण बंद केलं ते परत लावायचं राहिलं, हे मला आज सकाळी आठवलं."

भाचीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "तू? तू तर सगळ्यांना मोजून जेवायला देतेस!"

"तेच तर," पथ्यताई म्हणाल्या. "सव्वीस वर्षं मोजून वाढलं, आणि घरात आल्यावर मोजमाप सुटलं."

डॉक्टरांनी मुटकुळ्याला हातावर घेतलं, तोंड उघडून पाहिलं, पोटावरून अंगठा फिरवला. दोघींचं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "तिन्ही कारणं पुरेशी आहेत. अंगाला ऊब नसेल तर याला पचत नाही, पोटात अन्न कुजतं. वर मोठा घास, वर हाताळणं. बिचाऱ्याने उलटून टाकलं, तेच बरं केलं. आता दोन आठवडे काही द्यायचं नाही. पोटाला आतून भरून यायला तेवढा वेळ लागतो."

"दोन आठवडे?" पथ्यताईंच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, पिल्लू आहे ते! थोडं पातळ काहीतरी..."

"ताई, तुम्ही हॉस्पिटलात काम करता ना?"

 ऑपरेशन झालेल्या माणसाच्या उशाखाली लपवलेले डबे पथ्यताईंनी स्वतः शोधून काढले होते. 'तोंडाने काही नाही' अशी चिठ्ठी आलेल्या रोग्यांच्या बायकांना, आयांना त्यांनी दारातून परत पाठवलं होतं. त्या बायका इतक्या का रडायच्या, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

मुटकुळ्याचा उपास सुरू झाला. पथ्यताई कामावरून आल्या की चपला काढायच्या आधी पेटीपाशी जायच्या, गरम पट्टीला हात लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "कसं आहेस रे राजा?" भाची वहीत तापमान लिहायची. आता तिचे शब्द तिनावरून दहाबारापर्यंत गेले होते, सगळे मुटकुळ्याविषयीचे, पण शब्दच ते.

पाचव्या दिवशी दुसरंच संकट आलं. मुटकुळ्याचा रंग उडाला, अंग राखेसारखं दिसायला लागलं आणि डोळे दुधाळ निळे झाले.

"ते आंधळं झालं!" भाचीने रडायला सुरुवात केली. डॉक्टरांना फोन लावला तर ते हसले. "कात टाकतोय. डोळ्यांवरचीसुद्धा कात निघते, म्हणून तसे दिसतात. पेटीत ओल ठेवा. हवा कोरडी असली तर कात तुकड्यांनी निघते."

त्यांनी ओल केली, पण उशीर झाला होता. गरम पट्टीच्या काळजीपायी पथ्यताईंनी खोलीत हीटर लावून ठेवला होता, आणि हवा पापडासारखी कोरडी झाली होती. डोळे पुन्हा साफ झाले आणि चार दिवसांनी कात निघाली ती चिंध्या होऊन. अंगावर जागोजागी कागदासारखे तुकडे चिकटून राहिले, शेपटीच्या टोकाला एक घट्ट कडं, आणि डाव्या डोळ्यावर सुरकुतलेला पडदा.

भाचीने भुवया कोरायचा चिमटा आणला. "मी काढते. अगदी हळू काढते."

पथ्यताईंनी तिचा हात धरला. "थांब. जखमेवर वाळलेली पट्टी सिस्टर कधी ओढतात का? आधी भिजवतात, मग ती आपण होऊन सुटते. डोळ्याला तर हातच लावायचा नाही."

त्यांनी झाकणाला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल घातला, त्यात भाचीने मुटकुळ्याला ठेवलं आणि झाकण लावलं. अर्धा तास थांबायचं होतं. रविवारची दुपार होती. दोघी जमिनीवर बसल्या, मधे डबा.

बराच वेळ गेल्यावर भाचीने विचारलं, "आत्या, आई तुमच्या हॉस्पिटलात होती, तेव्हा तू तिला काय द्यायचीस?"

दीड वर्षात हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता. पथ्यताईंनी ओले हात पदराला पुसले.

"आधी भाताची पेज. मग नुसतं वरचं पाणी. तिच्या पोटात काही राहायचं नाही गं. मी रोज वेगळं करून बघायची. पथ्याची चिठ्ठी वॉर्डातून यायची, तसंच करावं लागायचं, पण दोन चमच्यांना तरी मी चव आणायची."

"मी तिला बिस्कीट दिलं होतं," भाची म्हणाली. "शेवटच्या आठवड्यात. तिने मागितलं म्हणून. आणि तिने उलटी केली. मग ती..."

 पथ्यताईंनी तिला जवळ ओढून घेतलं. "अगं वेडे, ते मला माहीत आहे. तिनेच मला सांगितलं होतं. म्हणाली, 'वन्सं, आज पोरीने बिस्कीट भरवलं, काय गोड लागलं.' पोटात राहिलं नाही ते तिच्या आजारामुळे. तुझ्यामुळे नाही. पण जिभेवर राहिलं ना? त्या चिठ्ठ्यांवर शिजवून मी तिला एवढं सुख एकदाही देऊ शकले नाही."

पोरगी खूप रडली. दीड वर्षाचं एकदम बाहेर आलं. पथ्यताई नुसत्या तिची पाठ चोळत राहिल्या आणि मधूनच स्वतःचं नाक पुसत राहिल्या. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला.

मग पथ्यताईंनी झाकण उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा साप हातात घेतला. त्यांनी मुठीत ओला टॉवेल सैल धरला, आणि मुटकुळं आपलं आपण त्यातून सरकत गेलं. एकेक तुकडा टॉवेलला चिकटून राहू लागला. शेपटीचं कडं सगळ्यात शेवटी निघालं. "गार असतो म्हणतात," त्या नवलाने म्हणाल्या, "पण हा तर कोमट आहे की."

डोळ्यावरचा पडदा राहिला. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "पुढच्या कातेबरोबर जाईल. तोवर धीर धरा."

आणखी तीन दिवसांनी उपास सुटला. उंदीर या वेळी भाचीने निवडला, सगळ्यात लहान. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. दोघी पेटीकडे पाहत नसल्यासारखं दाखवत पाहायच्या. सहाव्या दिवशी सकाळी पथ्यताई आंघोळीला निघाल्या होत्या, तेवढ्यात भाची ओरडली, "आत्या! शी केली!"

पथ्यताई खांद्यावर टॉवेल टाकून धावल्या. इतक्या साध्या गोष्टीचा एवढा आनंद त्यांना कधी झाला नव्हता. त्या दिवशी कुठल्याशा समुद्रावरून भावाचा फोन आला, तर दोघींनी एकाच वेळी बोलत ही बातमी सांगितली. बिचाऱ्याला आधी कळेचना की कोणी केली.

पुढची कात महिन्याभराने आली. या वेळी पेटीत ओलसर शेवाळाची डबी होती आणि हीटर बंद होता. एका सकाळी भाचीला कात मिळाली, अखंड, मोज्यासारखी उलटी झालेली. तिने ती खिडकीच्या उजेडात धरली. डोक्याच्या जागी दोन्ही डोळ्यांच्या गोल चकत्या होत्या, आणि डावी चकती जराशी जाड होती. पेटीत मुटकुळं दोन्ही काळेभोर डोळे उघडे ठेवून पडलं होतं.

सहा महिन्यांनी भाऊ आला, पण पुन्हा निघायचं होतंच. मुलीसाठी एका शाळेच्या वसतिगृहाची चौकशी त्याने करून ठेवली होती. जेवताना त्याने तो विषय काढला, तेव्हा पथ्यताई त्याच्या पानात भात वाढत राहिल्या. मधे पडायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

भाची म्हणाली, "मी आत्याकडे राहणार." आणि मग आत्याकडे वळून तिने विचारलं, "राहू ना?"

पथ्यताई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या, आणि कपाटाचे वरचे दोन कप्पे रिकामे करायला लागल्या.