कोणती चावी?

प्रेरणाला एकदा सांगून भागत नसे. मीठ आण म्हटलं, तर बारीक की जाडं? दार लाव म्हटलं, तर पुढचं की मागचं? सासरी तिची यावरून भरपूर टिंगल व्हायची. पांढरकवड्याला हायवेलगत नवऱ्याच्या, कपिलच्या, गॅरेजात ती हाताखाली काम करू लागली, तिथंही ही खोड सुटली नाही. त्या सकाळी कपिल गिऱ्हाइकासमोरच खेकसला, "बहिरी हायेस का? एकदा सांगतलं तं कर ना!" तिला ते फार झोंबलं. आता मेले तरी विचारणार नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं.

गिऱ्हाईक होते मुकुटबनचे पुंडलिकराव. दुपारी लेकीचं साक्षगंध आणि कार इंजिनातून तेल गाळत उभी. त्यांचं सारखं "झालं का? झालं का?" चालू होतं.

गळकं सील बदलायला क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावरची, पुली काढणं भाग होतं, आणि तिचा बोल्ट काही हलेना. कपिलनं पुढचं चाक काढलं, बोल्टला लांब पाना लावून त्याची मूठ जमिनीला टेकवली आणि बाजूला होऊन ओरडला, "दे चावी!" सीटवरून प्रेरणानं चावी फिरवली. इंजिनाला हिसका बसला, बोल्ट कट्कन सुटला.

पुली क्रँकच्या दांड्यावर सुटी फिरू नये म्हणून खाचेत नखाएवढा लोखंडी तुकडा असतो. गॅरेजात त्यालाही चावीच म्हणतात. तो तिच्या हाती देत कपिल म्हणाला, "हारपू नको. अन् तिथंच बस, मंग ब्रेक दाबा लागन." तिनं तुकडा ओढणीच्या टोकाला बांधला. एरवी यानंतर कपिल बॅटरीची वायर काढायचा. आज घाईत राहून गेली.

सील बसलं. गाडीखाली आडवा पडून कपिलनं खाच चाचपायला चारही बोटं इंजिनासोबत फिरणाऱ्या पट्ट्याच्या आत घातली. वर सीटवर बसलेल्या प्रेरणाला त्याचा नुसता आवाज आला.

"दे चावी!"

तिचा हात चावीवर गेला.

"दे ना वं लवकर!"

"अवो बाई, चावी दे म्हंते ना तो!" पुंडलिकरावही कावले.

चावी अर्धी फिरली, समोरचे लाल दिवे लागले. आणि जन्माची खोड आडवी आली.

"कोणती?"

"कोणती म्हंजे? तुह्या ओढणीतली...!" कपिलचा आवाज तिथंच तुटला. तिचा हात कोणत्या चावीवर आहे ते उमगून त्यानं बोटं झटकन बाहेर ओढली. प्रेरणा गाडीची चावी काढून मुठीत घट्ट धरून रडत होती. त्यानं उठून आधी बॅटरीची वायर काढली.

पुली बसली. बोल्टला पाना लावून तो म्हणाला, "ब्रेक दाब."

तिनं दाबला. तरी कपिल बोल्ट आवळेना.

"काहून इचारत नाहीस?" तो हळूच म्हणाला. "इचार ना, कोणता म्हून."