कळकलेली कॉफी

कुठलीही वस्तू समोर आली की मिस्त्री आधी तिच्यावर बोटाच्या सांध्याने टकटक करायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. मग ती बादली असो, सायकलचा मडगार्ड असो, नाहीतर आमच्या टाइम ऑफिसातलं लोखंडी कपाट असो. पाठोपाठ त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "वाजतंय नव्हं? मंग जित्तं हाय." एकदा मी तापाने फणफणलो होतो. मिस्त्री बघायला आले आणि माझ्या कपाळावरही त्यांनी टकटक केली. निकाल तोच लागला.

मोडकी वस्तू दिसली की ज्यांना राहवत नाही, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. घरचे लोक त्यांच्यावर वैतागतात आणि घड्याळ बंद पडलं की पहिली हाक त्यांनाच मारतात. आमचे मिस्त्री त्यातलेच, पण त्यांच्या हट्टाची जात वेगळी होती.

स्वातंत्र्य येऊन आठ-दहा वर्षं झाली होती. चिंचवडच्या बाजूला तेव्हा ज्वारीची शेतं जास्त आणि कारखाने मोजके. त्यातल्या एका लहानशा कारखान्यात मी कारकून होतो आणि मिस्त्री फिटर. मूळ गाव पुनावळे, पण बिऱ्हाड माझ्या खोलीला लागूनच. एके दिवशी लेथच्या पट्ट्यात त्यांचा उजवा हात सापडला. अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून, थोड्या तळव्यासकट गेली. जखम भरल्यावर मिस्त्री कामावर आले, तर कारखान्याच्या साहेबांनी त्यांना भंगाराच्या यार्डात बसवलं.

"हाताला पकड राहिली नाही, मिस्त्री. व्हाइसवर कसं उभं करू तुम्हाला?" साहेब म्हणाले.

साहेब काही वाईट माणूस नव्हते. पण वीस वर्षं व्हाइसच्या लोखंडी जबड्यात काम धरून कानस चालवलेल्या माणसाला भंगाराची राखण करायला लावणं म्हणजे काय, हे त्यांना कळलं नाही. खरं सांगायचं तर मलाही कळलं नाही. मी आपला मिस्त्रींच्या कार्डावरचं 'फिटिंग' खोडून 'यार्ड' असं सुवाच्य अक्षरात लिहून मोकळा झालो.

त्या यार्डात त्यांना ते यंत्र सापडलं. कुणी परदेशी इंजिनियर मायदेशी जाताना बंगल्यातलं नको असलेलं सामान टाकून गेला होता, त्यात ते होतं. हातभर उंचीचं, पोट सुटलेलं पितळी भांडं, वर फिरवून लावायचं झाकण, पुढे नळी आणि नळीखाली कॉफीची पूड भरायची दांडीची वाटी. आत पाणी उकळायचं, वाफेच्या जोराने ते पुडीतून दाबून बाहेर यायचं, की झाली कॉफी. ते विजेवर चालायचं, पण आतली तार जळाली होती. मिस्त्रींनी टकटक केली. बद्द आवाज आला. पहिल्यांदाच त्यांचा निकाल बदलला.

"गळा धरलाय ह्याचा," ते म्हणाले. "कारकून, परवानगीची चिठ्ठी लिवा. ह्यातनं सायबाला कॉफी पाजतो. मंग बगू पकड हाय का न्हाई."

साहेब कॉफीचे भोक्ते. कँटीनच्या कॉफीला ते रंगीत पाणी म्हणत. मिस्त्रींनी मात्र जन्मात कॉफी चाखली नव्हती. मी चिठ्ठी लिहिली आणि हे खूळ दोन रविवारांत उतरेल असं मनात म्हटलं.

ते पावसाळाभर उतरलं नाही. वाफेची झडप गंजून चिकटली होती, ती नवी करायला हवी होती. घरी व्हाइस कुठला? मिस्त्रींनी पाट उलटा केला, त्याला दोन खुंट्या ठोकल्या, त्यांत पितळेचा तुकडा अडकवून टाचेने दाबला आणि डाव्या हाताने कानस चालवायला लागले. उजव्या हाताची उरलेली दोन बोटं आणि अंगठा कानशीच्या टोकाला, चामड्याच्या पट्टीने बांधलेले. कानस निसटायची. मिस्त्री ती उचलायचे. पुन्हा निसटायची, पुन्हा उचलायचे. शिवी नाही, उसासा नाही. मला ते बघवत नसे, म्हणून मी उगाच पेपर वाचत बसायचो. पाच झडपा बिघडल्या. सहावी बसली.

आतला खार मात्र हटेना. विहिरीच्या जड पाण्याचा तो खार, नळीत दगडासारखा बसलेला. तारा घालून झाल्या, ठोकून झालं. शेवटी मावशी, म्हणजे मिस्त्रींच्या मंडळी, चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "अवं, हंडा घासताना काय करतो आमी? चिंच भिजवा की. वता आत."

दुसऱ्या दिवशी नळीतून राखेच्या रंगाचा गाळ भळाभळा बाहेर आला. मिस्त्रींनी मावशींकडे बघितलं. "फिटर तूच व्हायला पायजे हुतीस," ते म्हणाले, आणि मावशी चक्क लाजल्या.

तळाची जळकी तार काढून त्यांनी यंत्र स्टोव्हवर बसेल असं केलं. पहिल्या चाचणीला मी पाहुणा. मिस्त्रींनी, पंप गळू नये म्हणून दांड्याभोवती दोरी ठासावी तशी कॉफीची पूड वाटीत ठासली, कारण गळती म्हणजे फिटरची बेअब्रू. पाण्याला वाट मिळेना. झडप उडाली. उडाली म्हणून वाचलो, पण कॉफी गेली भिंतीवर आणि माझ्या एकुलत्या एक इस्त्रीच्या शर्टावर.

"भितीला पाजलीत," मावशी म्हणाल्या. "आता मान्साला पाजा."

मिस्त्री मात्र खूश. "झडप धरली आन् येळंला सुटली बी. बगितलं नव्हं?"

मग साहेबांच्या खोलीत स्टोव्ह नेऊन यंत्र मांडलं. काळीभोर कॉफी कपात उतरली. साहेबांनी दूध, साखर आणि किसलेलं जायफळ घातलं, घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"मिस्त्री, कळकलीय हो."

कल्हई उडालेल्या भांड्यातलं ताक ज्यांनी एकदा तरी प्यायलंय, त्यांना ती चव सांगायला नको. चिंचेने खार नेला आणि जाताना आतली कल्हईही नेली. घरोघर पितळ चिंचेने घासतात, पण ते बाहेरून, हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"जाऊ द्या," साहेब मायेने म्हणाले. "आता कशाला जिवाला त्रास करून घेता?"

तो 'आता' मिस्त्रींना लागला. यंत्र पोत्यात बांधून ते घरी आले. मावशींना कळलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माज्या चिंचंनं घात केला."

"चिंच बराबर हुती," मिस्त्री म्हणाले. "कल्हई माज्या नदरंतनं सुटली. तू डोळं पूस."

दापोडीहून फिरता कल्हईवाला यायचा. त्याने यंत्र उलटंसुलटं केलं आणि हात झटकले. "आतनं घासल्याबिगर कथील धरत न्हाई. एवढ्याशा तोंडातनं हात कोन घालनार?"

तोंड लहान वाटीएवढं होतं. काठी तळाला पोचायची, पण वरच्या बाजूच्या आतल्या कडेला काही केल्या वळायची नाही. मी हात घालून पाहिला, कल्हईवाल्याने पाहिला, मावशींच्या हाताला बांगड्या आडव्या आल्या. मिस्त्री उकिडवे बसून बघत होते. मग त्यांनी अंगठा आत दुमडला आणि उजवा हात त्या तोंडात घातला. तो मनगटापर्यंत गेला.

 हात तसाच आत ठेवून मिस्त्री म्हणाले, "वाळू आना. फडकं आना."

तो अख्खा रविवार त्यांनी वाळूने आतली बाजू घासली. हात बाहेर यायचा तेव्हा कातडी सोललेली असायची. संध्याकाळच्या आत पितळ आतून लखलखलं. कल्हईवाल्याने भाता मारला, नवसागर टाकला, कथील फिरवलं, आणि तारेला बांधलेल्या कापसाने मिस्त्रींनी ते कडेकडेने पुसून घेतलं. यंत्र निवल्यावर त्यांनी टकटक केली. मीही ऐकलं, खणखणीत.

यंत्र पुन्हा साहेबांच्या खोलीत मांडलं, तर दुसरा कप बघून त्यांनी हात वर केले. "मागची चव अजून जिभेवर आहे, मिस्त्री."

"मंग आदी मी पितो," म्हणून मिस्त्रींनी कप उचलला आणि आयुष्यातला पहिला कॉफीचा घोट घेतला. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड झालं. "कडू जहर हाय. पन कळकली न्हाई."

साहेब पोट धरून हसले आणि प्याले. यंत्र निवल्यावर झाकण उघडून आत डोकावले. "एवढ्या लहान तोंडातून घासलंत कसं?" म्हणत त्यांनी आपला धडधाकट हात आत घालून पाहिला. बोटांच्या मुळाशी अडकला. मिस्त्रींनी शेजारून आपला हात पुढे केला आणि सहज मनगटापर्यंत सरकवला.

"पकड कमी हाय, सायेब," ते म्हणाले. "पन जाग्याला पोचतो."

साहेबांनी त्या हाताकडे बघितलं. मग मला म्हणाले, "यांचं कार्ड आणा."

'यार्ड' खोडून 'फिटिंग' लिहिताना माझं अक्षर जरा बिघडलं. ते कार्ड मी पुढे कितीतरी दिवस पुसून नीट करायचं म्हणत होतो, केलं नाही.

मिस्त्री व्हाइसवरूनच रिटायर झाले आणि यंत्र मला देऊन पुनावळ्याला गेले. दर वर्षी मी ते सायकलला बांधून त्यांच्याकडे न्यायचो. मी कल्हईवाला शोधायचा आणि आतून त्यांनी घासायचं, असं ठरलेलंच होतं. "तुमचं काम न्हाई ते, कारकून," म्हणायचे. ते गेले तेव्हा मी खांदा दिला, मावशींजवळ बसलो, सगळं रीतसर केलं. रडू मात्र आलं नाही.

यंदाची कल्हई राहिलीच; आज सकाळी कॉफी कळकली. पहिल्याच घोटाला कळलं, आणि मग डोळ्यांचं पाणी थांबेना. यंत्र धुऊन मांडीवर घेतलं, टकटक केली. वाजतंय अजून. झाकण काढून मी हात आत घालून पाहिला. बोटांच्या मुळाशी अडकला. तो बाहेर काढायची मला घाई नव्हती.