डावीकडे ओढणारी गाडी

अन्वी, ईशान, आजोबांची मोरपंखी गाडी तुम्ही फक्त फोटोत पाहिली आहे. परवा तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "आई, इंदापूरला जाऊन धड परत आली तर ठेव, नाहीतर भंगारात दे." म्हणून हे आत्ताच लिहिते आहे.

आज सकाळी तिला घेऊन बारामतीहून निघाले. शेजारी तात्या होते. कोऱ्हाळ्याची आपली शेती तेच बघतात, आणि गाडीही इतकी वर्षं, कालपर्यंत, तिथल्या गोठ्यातच होती. पिंपळीपर्यंत स्टिअरिंग सारखं डावीकडे ओढत राहिलं. हात सैल सोडला की गाडी रस्त्याकडेच्या उसाकडे वळे.

"वैनी, तिला कारखान्याचा वास आलाय," तात्या म्हणाले.

भवानीनगरला गॅरेज दिसलं. मिस्त्री बाबुरावांनी चाक हलवून पाहिलं. "आज्जी, स्टिअरिंगचा बॉक्स उघडावा लागंल. पार्ट आता मिळत न्हाईत. हितंच ठिवून जावा."

ठेवली असती, तर ती घरी परतली नसती. मी म्हटलं, "आधी हवा बघा. मग पुढची दोन्ही चाकं एकमेकांच्या जागी लावा. ओढ बाजू बदलते का, ते पाहू. बॉक्स त्यानंतर."

"उगं टाइमपास," ते पुटपुटले. हवा बरोबर होती. त्यांनी चाकं बदलली, तोवर आम्ही समोरच्या टपरीवरून भजी आणली. मी एक चक्कर मारून आले. गाडी आता उजवीकडे ओढत होती! म्हणजे दोष स्टिअरिंगचा नव्हता, डावीकडून उजवीकडे गेलेल्या चाकाचा होता.

बाबुरावांनी ते काढून आडवं पाडलं. "टायर एका अंगानं झिजलाय. आन् खाचंत उसाचं पाचट! आज्जी, ही मोटार हाय का टायरगाडी?" (टायरगाडी म्हणजे रबरी चाकांची, ऊस वाहणारी बैलगाडी.)

तात्यांनी हातातलं भजं खाली ठेवलं.

"वैनी, मागल्या गळिताला (कारखान्याच्या हंगामात) बैलगाडीचा टायर पार गेला हुता. हिचा नवाकोरा नुसता पडून. म्या अदलाबदल केली. दोनी गोलच की!"

"आणि नवा कुठे आहे?"

"बैलांकडं."

"म्हंजी बैलं झ्याक सरळ चालत आसतील!" बाबुराव पोट धरून हसले. मलाही हसू आवरेना.

डिकीतली स्टेपनी लावून इंदापूर गाठलं. स्टँडजवळ उसाचा रस प्यालो आणि लगेच फिरलो. परतीच्या मोकळ्या रस्त्यावर मी क्षणभर दोन्ही हात उचलले. गाडी नाकासमोर चालत राहिली. तात्यांनी मात्र डोळे मिटून घेतले होते.

उद्या ते आपला टायर काढून आणतील. बैलांना मी दुसरा घेऊन देणार आहे.

हात घसरू नये म्हणून आजोबांनी स्टिअरिंगला गुंडाळलेली दोरी आता विरून गेली आहे. पण गाडी आहे, आणि ती सरळ चालते.