एप्रिलमध्ये सोडलेली गोळी

"मूठ वळा," मी म्हटलं. मायाबाईंची बोटं अर्ध्यावरच अडकली. सलग तिसरा जुलै, आणि हेच.

मी राहते अकोल्यात, जठारपेठेत. गुरुवारी ओपीडी अमरावतीला. मायाबाई तिथे येतात तिवश्याहून. नर्सरीत संत्र्याची कलमं बांधतात. जंबेरी लिंबाच्या रोपाला चाकूने चीर द्यायची, तीत संत्र्याच्या फांदीचा डोळा बसवायचा, वर पट्टी गुंडाळायची. हात असा की डोळा सहसा वाया जात नाही. त्यांना रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, म्हणजे शरीराची रोगाशी लढणारी फौज स्वतःच्याच सांध्यांवर चालून जाते.

"मालक म्हणते, चाकू ठेव, पिशव्यांत माती भर," त्या म्हणाल्या. "बावीस वर्सं झाले हेच काम करून राहिली मी." आणि रडल्या.

फाइलवर मी सवयीने लिहिलं, 'पावसाळ्यात वाढ'. दमट हवेत काहींचे सांधे जास्त दुखतात, हे खरं. पण एवढी सूज? आता महागडं इंजेक्शन लिहायचं म्हणून जुने रिपोर्ट चाळले. एप्रिल ते जून एकही नाही. आधीच्या दोन्ही वर्षी तसंच.

"उन्हाळ्यात रक्त कावून नाही तपासलं?"

"गोळी बंद, तं तपासनी कायची?"

"बंद?"

"गरम गोळी हाय ते, मॅडम. एवढ्या उन्हात तोंड येते, जेवन जात नाही. झाडालेबी आमी उन्हाळ्यात ताण देतो न, पानी तोडतो. मंग बहार येते."

माझं डोकंच सणकलं. त्या फौजेला आवरणारी ही मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. एप्रिलमध्ये सोडली की असर हळूहळू उतरतो, आणि सूज दिसते जुलैत. तीन वर्षं मी पावसाला बोल लावत होते. उन्हाळ्यात बाई मजेत असायची, म्हणून मी कधी काही विचारलंच नाही.

पण तोंड येणं खोटं नव्हतं. तो या गोळीचा साइड इफेक्ट. तो टाळायला सोबत फॉलिक ॲसिडची पिवळी गोळी दिली होती.

"ते तं ताकदीची म्हणून नवऱ्याले देते."

मी राग गिळला. "ऊन तापलं म्हणून कलमाची पट्टी सोडता का?"

"नाही. डोळा मरते न मंग."

"मग ही गोळी तुमच्या बोटांची पट्टी समजा."

त्या म्हणाल्या, "अस्सं सांगा लागत होतं न पयलेच."

बरोबर होतं त्यांचं. इंजेक्शन लिहिलंच नाही. रक्त तपासून गोळी पुन्हा सुरू केली, रविवारी जेवणानंतर. पिवळी मंगळवारी, नवऱ्याला नाही. तोंड आलं तर बंद करण्याआधी मला फोन.

पुढच्या मे महिन्यात त्यांचा फोन आला. रिपोर्ट पाहिले, डोस थोडा कमी केला, पण गोळीत खंड पडला नाही.

यंदा जुलैत म्हटलं, मूठ वळा. त्यांनी माझीच दोन बोटं धरून अशी आवळली की मी कळवळले.

"मालकाले सांगून देल्लं," त्या हसत म्हणाल्या, "पिशव्या आता तुमी भरा."

फाइलवरचं जुनं 'पावसाळ्यात वाढ' मी तिथेच खोडलं. काय आनंद झाला, सांगता येत नाही. आता जुलैत सुजलेला पेशंट आला की मी आधी एप्रिलचं विचारते.